अठरानंतरचे माहेर

बालगृहातल्या मुलांच्या कॉलेजशिक्षणाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. अठरा वर्षे शासनाने सांभाळले, 2018 पासून अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण दिले. आता ज्याच्यात धमक असेल तो शिकेल. पुराव्यादाखल माला पापळकरचे नाव घेतले जाते. जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्यात टाकून दिलेली ही अंध मुलगी 2024 मध्ये एमपीएससी उत्तीर्ण झाली. तिला जमले, मग इतरांना का जमू नये?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण हा साक्षीदार उलट बाजूचा आहे. माला वाढली अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात. बाबांनी तिथल्या लेकरांना छपरासोबत बाप म्हणून स्वतःचे नाव आणि आडनाव दिले. बेवारस अपंग मुलांना अठरानंतरही संस्थेतच राहू द्यावे, असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे शासनाशी भांडत आले. मालाची जिद्द खरीच. पण त्या जिद्दीमागे घर उभे होते. तिचेच नाव घेऊन घराची गरज नाकारणे म्हणजे विहिरीचे पाणी पिऊन विहीर बुजवा म्हणण्यासारखे आहे.

राहता राहिले आरक्षण. तेही कोणाची धमक कमी पडली म्हणून आलेले नाही. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे अठराव्या वर्षी बाहेर पडल्या, पुण्यात पडेल ते काम करत शिकल्या आणि स्पर्धा परीक्षेला बसल्या. गुण होते, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र नव्हते. आईवडिलांचाच पत्ता नसलेल्याने त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? त्यांनी ही कैफियत मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली, तेव्हा 2018 चा निर्णय झाला. सवलत चांगली आहे. पण तिचा खरा उपयोग पदवी हातात असलेल्याला. आणि पोरे गळतात ती पदवीच्या वाटेवर.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगाही हालअपेष्टा काढतच शिकतो, मग अनाथाचेच कौतुक का? उत्तर प्रवेशाच्या खिडकीवर मिळते. वडिलांचे नाव, कायमचा पत्ता, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालकाची सही. शेतकऱ्याच्या पोराजवळ पैसा नसतो, पण हे सारे असते. शिवाय घरून येणारी तुरीची डाळ असते, अडीअडचणीला फोन उचलणारा मामा असतो. दिवाळीत मेसला कुलूप लागले की तो एसटीने गावी जातो. बालगृहातून आलेल्याने कुठे जायचे? गरिबी दोघांनाही आहे. पाठीशी माणूस मात्र एकालाच आहे.

कायद्याचे गणितही तपासू. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार संस्थेतला मुक्काम अठरापर्यंत, संस्था सोडल्यावरचा आधार, म्हणजे अनुरक्षण, साधारणपणे एकवीसपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपयांची तरतूद आहे, पण ती मदत देणे बंधनकारक नाही. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा सरळ पास होत गेला तरी चार वर्षांची पदवी बावीसला संपते. संस्थेतल्या कितीतरी मुलांची शाळाच उशिरा सुरू झालेली असते. त्यांचा आधार ऐन मधल्या वर्षात सुटतो. त्यात टाकून दिलेल्या मुलाची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने ठरवलेली. त्या अंदाजावर आपण त्याचे घर सुटण्याचा दिवस नेमतो! इंग्लंडमध्ये 2017 च्या कायद्याने अशा तरुणांना पंचविशीपर्यंत व्यक्तिगत सल्लागार मिळतो. आपल्याकडे बाप आपल्या पोराला एकविसाव्या वाढदिवशी हिशेब मिटला असे सांगत नाही. मग त्या बापाच्या जागी उभ्या राहिलेल्या शासनाने का सांगावे?

शिकणाऱ्याच्या पाठीशी घर उभे करण्याचा हा विचार वऱ्हाडाला परका नाही. पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था 1932 ची. त्याआधी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले होते. आधी राहण्याची सोय, मग शाळा-कॉलेजे. आणि वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर तर रुक्मिणीचे माहेर. 1594 पासूनची म्हणून सांगितली जाणारी तिची पालखी आजही आषाढीला पंढरपूरला निघते. लेक पंढरीची राणी झाली तरी माहेराने तिची पाठराखण सोडली नाही.

तेव्हा मागण्या तीन. अनुरक्षणाची मुदत वयावर न बांधता चालू शिक्षण पुरे होईपर्यंत द्यावी, आणि ती हक्क म्हणून. अमरावती विद्यापीठाच्या प्रत्येक कॉलेजात अशा विद्यार्थ्यांसाठी एक पालक-प्राध्यापक नेमावा, दाखल्यांपासून वसतिगृहापर्यंतची जबाबदारी त्याच्यावर असावी. दिवाळीत आणि उन्हाळ्यात किमान एक वसतिगृह मेससकट चालू राहावे. यातले दुसरे आणि तिसरे काम करायला नवा कायदा लागत नाही; प्राचार्यांनी मनावर घेतले तर या सत्रापासूनच ते होऊ शकते. आणि कौंडण्यपूर-तिवस्याकडच्या ज्या घरांत सणाला चार पाने जास्त वाढली जातात, त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन एकच विचारावे: यंदा कॉलेजात गेलेले आणि दिवाळीला कुठेच न जाणारे पोरगे कोणते?