सामूहिक ध्यान : जाण्यापूर्वीची तयारी आणि शिस्त
ध्यान करणाऱ्याने एकांतात, शुद्ध जागी, फार उंच वा फार सखल नसलेल्या आसनावर बसावे, असे भगवद्गीतेचा सहावा अध्याय सांगतो. सामूहिक ध्यानात हा एकांत साधकांनी एकमेकांना द्यावयाचा असतो. तेथील बहुतेक नियमांचे मूळ यातच आहे.

जेवणानंतर दोन-तीन तासांनी, सैल सुती वस्त्रे घालून जावे. उग्र अत्तर टाळावे. दहा मिनिटे आधी पोहोचून पादत्राणे बाहेर ठेवावीत व मोबाइल बंद करावा. उशीर झाल्यास मागेच बसावे. कोणालाही ओलांडून पुढे जाऊ नये.

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखाना अहोरात्र पाळ्यांत चालतो. त्याच्या वसाहतीतील सेक्टर 2 सारख्या भागात राहणाऱ्या कामगाराने रात्रपाळीनंतर आधी झोप घ्यावी. अतिनिद्रा आणि अतिजागरण ही दोन्ही गीतेने योगाला बाधक मानली आहेत.

गुडघेदुखी असल्यास खुर्ची घेण्यात कमीपणा नाही. मानसिक आजारावर उपचार सुरू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधे परस्पर बंद करू नयेत. ध्यान संपल्यावरही शेजारच्या साधकाने डोळे उघडेपर्यंत मौन पाळावे.