'मराठी'चे 'मरठ' करणारे चिन्ह

१/ वेबपृष्ठावरील अर्जात 'मराठी' असा शब्द भरावा आणि संगणकाने 'मरठ' नोंदवावे, यामागे ^ हे लहानसे चिन्ह असू शकते. त्याचा हा संक्षिप्त इतिहास. 🧵

२/ १९५१ साली अमेरिकी गणितज्ञ स्टीफन क्लीनी मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रतिरूप अभ्यासत होते. त्या अभ्यासातून 'रेग्युलर एक्स्प्रेशन' ही संकल्पना जन्मली. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी तिच्या आधारे मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली.

३/ पुढे युनिक्सच्या 'एड' संपादकात चौकटी कंस रुळले. [कखग] म्हणजे या तिघांपैकी कोणतेही एक अक्षर. आरंभी ^ येताच अर्थ उलटतो: [^कखग] म्हणजे या तिघांखेरीज कोणतेही एक.

४/ वेबच्या काळात या नकाराचे महत्त्व वाढले. दुव्याचा पत्ता अवतरणचिन्हांत असतो. तो शोधताना .* ही खूण ओळीतील शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंत धावते; [^"]* मात्र पहिल्यापाशीच थांबते.

५/ दुसरा उपयोग सफाईचा: 'ए ते झेड यांखेरीज सारे पुसा.' १९६३ च्या आस्की संकेतावलीच्या जगात हे पुरेसे होते. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली. जेथे जुना नियम कायम राहिला, तेथे देवनागरी नाव समूळ पुसले जाई.

६/ मग [^अ-ह] लिहून देवनागरी वाचवावी, असे वाटते. परंतु युनिकोडमध्ये काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त यांचे क्रमांक 'ह'नंतर येतात. नियमाच्या लेखी ते परके. म्हणून 'मराठी'चे 'मरठ' होते आणि 'शिवाजी'चे 'शवज'.

७/ २०१८ च्या मानकाने जावास्क्रिप्टला युनिकोडचे वर्ग ओळखण्याची सोय दिली. तरीही केवळ 'अक्षर' हा वर्ग राखल्यास तीच चूक घडते. कारण काना-मात्रांची गणना 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात होते. दोन्ही वर्ग राखले, तरच नाव अखंड राहते.

८/ नकाराचा नियम लिहिणारा राखावयाच्या गोष्टींची यादी करतो. त्या यादीत जे सुचले नाही, ते शत्रुत्वाशिवायही वगळले जाते. 'शवज' हे अशाच एका अपुऱ्या यादीचे फळ आहे.