अर्धशिशीवरील लेप आणि वसईकडील औषधी टिपणें

वसईचें नांव निघालें कीं इतिहासभक्तांच्या डोळ्यांपुढें १७३९ सालची (शके १६६१) चिमाजी आप्पांची मोहीम उभी राहते. बुरूज, सुरुंग आणि तहनामे यांवर विपुल लेखन झालें आहे, आणि तें योग्यच होय. परंतु जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना राजकीय पत्रांशेजारीं औषधांचीं टिपणेंहि हातीं येतात. तीं ‘किरकोळ’ म्हणून बाजूस सारण्याची रीत पडून गेली आहे. ही रीत चुकीची आहे, हें अर्धशिशी या एका रोगाच्या निमित्तानें दाखवावें, असा आमचा हेतु आहे.

अर्धशिशीस संस्कृत वैद्यकांत ‘अर्धावभेदक’ म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत जे अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत हा एक आहे. अर्धें मस्तक फुटल्यासारखें दुखतें, भोंवळ येते आणि हा उपद्रव पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उद्भवतो, असें तेथें वर्णन आहे. चरकाच्या सूत्रस्थानांतील तिसऱ्या अध्यायांत जे बत्तीस लेप आहेत, त्यांपैकीं दोन मस्तकशूळावर आहेत. एकांत तगर, उत्पल, चंदन व कोष्ठ हीं द्रव्यें तुपांत कालवावयाचीं. दुसऱ्यांत देवदार, ज्येष्ठमध, वेलची इत्यादि द्रव्यांची भर आहे.

तथापि द्रव्यांच्या यादीहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लावण्याची कृति. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील अठराव्या अध्यायांत ती सूक्ष्मपणें दिली आहे. लेप केंसांच्या उलट दिशेनें लावावा. कारण तसा लावल्यास औषध नीट टिकतें, रोमकूपांत शिरतें आणि स्वेदवाही शिरांच्या मुखांतून त्याचें वीर्य आंत पोहोंचतें. जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी असावी. वाळलेला लेप तसाच ठेवूं नये. तो निरुपयोगी होतो व पीडा देतो. रात्रीं लेप लावूं नये. त्वचा हें औषधाचें द्वार आहे, ही कल्पना येथें निःसंदिग्ध आहे.

याच द्वाराकडे अर्वाचीन वैद्यकहि वळलें. अर्धशिशीचा झटका आला असतां जठराची गति मंदावते, पुष्कळदां वांतीहि होते, आणि पोटांत घेतलेलें औषध वेळेवर रक्तांत उतरत नाहीं. त्वचेवाटे औषध देणारी पहिली पट्टी अमेरिकेंत १९७९ सालीं मान्य झाली. ती प्रवासांत मळमळ होऊं नये म्हणून होती. अर्धशिशीवरील सुमाट्रिप्टान हें औषध सौम्य विद्युत्प्रवाहाच्या साह्यानें त्वचेंतून ढकलणारी पट्टी २०१३ सालीं मान्य झाली. परंतु कातडी भाजून व्रण पडल्याच्या तक्रारींमुळें २०१६ सालीं तिची विक्री थांबविण्यांत आली. त्वचेचा बाह्य थर किती कठीण पहारेकरी आहे, हें यावरून कळतें. म्हणून उगाळलेल्या चंदनाचें कार्य व या पट्टीचें कार्य एकच, असें म्हणण्याचें धाडस आम्हीं करीत नाहीं. कल्पना जुनी आहे, एवढ्यानें फल सिद्ध होत नाहीं.

आतां वसईकडे वळूं. वसई तालुक्यांतील सोपारें हें बंदर ख्रिस्ती पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत उल्लेखिलेलें आहे, आणि त्याच ग्रंथांत भडोचेहून निघणाऱ्या मालांत कोष्ठ आहे. कोष्ठ व देवदार हिमालयाकडचे, चंदन दक्षिणेकडचें. अर्थात् कोंकणपट्टींतील घरांत चरकोक्त लेप करावयाचा तर त्यामागें दूरचा व्यापार हवा. तो माल महाग पडे किंवा मिळत नसे, तेव्हां सहाणेवर काय उगाळीत? सुंठ कीं वेखंड? याचें उत्तर ग्रंथांत नाहीं. तें घरगुती टिपणांतच मिळावयाचें.

परकीयांच्या लेखनानें ही उणीव भरून निघत नाहीं. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. त्याच वर्षीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें वसईच्या अमलाखालील मुंबई बेट ओर्टाकडे पट्ट्यानें होतें. त्याच्या १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या संवादग्रंथांत चंदनावर स्वतंत्र संवाद असून, एतद्देशीय लोक तें उगाळून अंगास लावतात, हें त्यानें नमूद केलें आहे. पण ओर्टाचें लक्ष द्रव्यावर व त्याच्या व्यापारावर. लेप किती जाड, किती वेळ, कोणत्या दिशेनें, हा तपशील हात चालविणाऱ्या घरचाच.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. औषधी टिपण सांपडल्यास तें मूळ गठ्ठ्यांतून वेगळें काढूं नये. गांव, घराणें व शेजारचे कागद यांची नोंद ठेवावी. द्रव्यांबरोबर वजन, अनुपान व लावण्याची कृति अक्षरशः उतरून घ्यावी. किल्ल्याचे दगड आणखी कांहीं शतकें टिकतील. कसरीनें पोखरलेला कागद पुढील पावसाळ्याचीहि वाट पाहणार नाहीं.