गॅलागा: परग्रहवासीयांशी लढताना आपलंच विमान शत्रूच्या हवाली का करायचं?

२०१२ साली आलेल्या 'द अ‍ॅव्हेंजर्स' या सिनेमात एक छोटा विनोदी प्रसंग आहे. जगावरच्या संकटाची तयारी सुरू असते आणि टोनी स्टार्कचं लक्ष एका कर्मचाऱ्याकडे जातं. हा पठ्ठ्या ड्युटीवर असताना सगळ्यांची नजर चुकवून स्क्रीनवर जुना व्हिडिओ गेम खेळत असतो. तो गेम म्हणजे 'गॅलागा'. सिनेमाही परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा आणि गेमही.

भारतात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले. त्यांच्यासोबत मिळणाऱ्या, एकाच कॅसेटमध्ये अनेक गेम कोंबलेल्या संग्रहांत 'गॅलॅक्सियन' आणि 'गॅलागा' ही नावं हमखास दिसायची. खाली आपलं विमान, वर किड्यांसारख्या शत्रूंच्या रांगा आणि एक फायरचं बटण. त्यामुळे हा नुसता बटण बडवण्याचा गेम आहे, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात गॅलागामध्ये एक असा निर्णय घ्यावा लागतो, ज्यावर पुढचा सगळा डाव ठरतो. तो निर्णय म्हणजे स्वतःचं विमान शत्रूला पकडू द्यायचं की नाही.

गॅलागा कुठून आला?

१९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि परग्रहवासीयांना गोळ्या घालण्याच्या गेमची लाट सुरू झाली. त्या गेममधले शत्रू रांगेतच राहायचे आणि एकेक पायरी खाली सरकायचे. १९७९ मध्ये नामको कंपनीने 'गॅलॅक्सियन' आणला. त्यातले शत्रू रांग सोडून थेट खेळाडूच्या विमानावर झेप घ्यायला लागले. 'गॅलागा' हा त्याचाच पुढचा भाग. तो १९८१ मध्ये आर्केड मशीनवर आला. शिगेरू योकोयामा यांनी त्याची रचना केली. अमेरिकेत तो मिडवे कंपनीने बाजारात आणला.

पुढची सगळी माहिती या मूळ आर्केड गेमची आहे. कॅसेटवरच्या आणि मोबाइलवरच्या आवृत्त्यांमध्ये काही तपशील बदलतात.

शत्रू किती आणि कोणते?

नेहमीच्या प्रत्येक स्टेजमध्ये ४० शत्रूंची फौज रांगेत उभी राहते. त्यांचे तीन प्रकार आहेत:

- मधमाश्या: एकूण २०, खालच्या दोन रांगांत. रांगेत असताना पाडली तर ५० गुण, झेप घेताना पाडली तर १००.
- फुलपाखरं: एकूण १६, मधल्या दोन रांगांत. रांगेत ८० गुण, झेपेत १६०.
- बॉस: एकूण ४, सगळ्यात वर. हा एका गोळीत मरत नाही. पहिल्या गोळीला त्याचा रंग बदलतो आणि दुसऱ्या गोळीला तो पडतो. रांगेत त्याचे १५० गुण मिळतात. झेपेत तो एकटा असेल तर ४००, सोबत एक साथीदार असेल तर ८०० आणि दोन असतील तर १,६०० गुण मिळतात.

या आकड्यांमधून गेमचा स्वभाव कळतो. स्थिर उभ्या शत्रूला मारण्यात धोका कमी असतो आणि गुणही कमी मिळतात. अंगावर येणाऱ्या शत्रूला मारण्यात गुण दुप्पट किंवा त्याहून जास्त असतात, पण चुकलं की विमान जातं.

दोन गोळ्यांचं गणित

गॅलागामध्ये खेळाडूच्या फक्त दोन गोळ्या एका वेळी स्क्रीनवर असू शकतात. दोन्ही गोळ्या सुटलेल्या असतील, तर त्यातली एक शत्रूला लागेपर्यंत किंवा स्क्रीनच्या वर निघून जाईपर्यंत तिसरी सुटत नाही. मग बटण कितीही जोरात दाबा.

याचा अर्थ असा, की नेम चुकला तर नुसती गोळी वाया जात नाही, वेळही वाया जातो. चुकलेली गोळी स्क्रीनच्या टोकापर्यंत जाईस्तोवर खेळाडूचे हात बांधलेले असतात. याउलट जवळच्या शत्रूला गोळी लवकर लागते, त्यामुळे पुढची गोळीही लगेच मिळते. शत्रू जितका जवळ, तितका गोळीबाराचा वेग जास्त. म्हणूनच कसलेले खेळाडू वरच्या रांगांवर सरसकट गोळ्या झाडत बसत नाहीत. ते शत्रूच्या खाली जाऊन थांबतात आणि मोजून गोळी सोडतात.

रांग लागण्याआधीच फौज कमी करा

स्टेज सुरू झाल्यावर ४० शत्रू एकदम येत नाहीत. ते आठ-आठच्या पाच गटांत येतात. पहिला गट वरून येतो. दुसऱ्या गटात चारही बॉस असतात आणि तो डाव्या बाजूने शिरतो. तिसरा गट उजवीकडून येतो. शेवटचे दोन गट मधमाश्यांचे असतात आणि ते पुन्हा वरून येतात.

आत शिरताना हे शत्रू एकामागोमाग एक, ठरलेल्या वाटेने उडतात. त्या वाटेखाली विमान नेऊन ठेवलं तर थोड्या गोळ्यांत बरेच शत्रू पडतात. एकदा रांग लागली की झेपांचं सत्र सुरू होतं, त्यामुळे आधी पाडलेला प्रत्येक शत्रू म्हणजे नंतरची एक झेप कमी.

झेपांनाही आकार असतो. मधमाशी खाली येऊन तळाशी गिरकी घेते. फुलपाखरू डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेत उतरतं. त्यामुळे विमान अगदी कोपऱ्यात नेऊन ठेवणं धोक्याचं. तिथे सरकायला एकच बाजू उरते. मधल्या भागात राहून छोट्या हालचाली करणं जास्त सुरक्षित असतं.

विमान पकडू द्यायचं का?

आता मुख्य मुद्दा. चार बॉसपैकी एखादा अधूनमधून खाली येतो, हवेत थांबतो आणि निळसर किरणांचा झोत सोडतो. याला ट्रॅक्टर बीम म्हणतात. या झोतात सापडलेलं विमान गिरक्या घेत वर ओढलं जातं. बॉस ते पकडून रांगेत घेऊन जातो आणि तिथे ते लाल रंगाचं दिसतं. खेळाडूची एक लाइफ कमी होते.

नवख्या खेळाडूला हा झोत म्हणजे संकट वाटतं. पण पुढे तो बॉस पाडून विमान सोडवता आलं, तर ते खाली येऊन चालू विमानाच्या शेजारी जोडलं जातं. मग दोन विमानं एकत्र उडतात आणि प्रत्येक वेळी दोन गोळ्या बरोबर सुटतात. गोळीबाराची ताकद दुप्पट होते.

यात खरंच नुकसान किती? सुरुवातीला तीन विमानं मिळतात. एक पकडू दिलं तर एक शत्रूकडे, एक आकाशात आणि एक राखीव. सुटका झाली की दोन आकाशात आणि एक राखीव. बेरीज पुन्हा तीनच. जोडीतल्या एका विमानाला गोळी लागली तर दुसरं उडत राहतं. म्हणजे सुटका यशस्वी झाली तर हा सौदा फुकटात पडतो. राखीव ठेवलेलं विमान आधीच कामाला लावल्यासारखं होतं.

जोखीम आहे ती सुटका फसण्याची. आणि एक नियम कधीच विसरायचा नसतो: शेवटचं विमान पकडलं गेलं तर गेम तिथेच संपतो. हातात राखीव विमान नसेल तर झोतापासून लांबच राहायला हवं.

सुटका करायची कशी?

गडबडीत केलेली सुटका हमखास फसते. त्यामुळे नेहमीचा क्रम असा असतो:

१. पहिल्या स्टेजमध्ये मधमाश्या, फुलपाखरं आणि बाकीचे बॉस पाडून टाकायचे. एकच बॉस शिल्लक ठेवायचा. आकाश रिकामं असेल तर लक्ष एका जागी राहतं.

२. त्या बॉसला आधीच एक गोळी मारून ठेवायची. मग सुटकेच्या वेळी एकच गोळी पुरते.

३. झोत सुटला की त्यात विमान न्यायचं आणि पकडू द्यायचं.

४. पुढचं विमान आल्यावर थांबायचं. बॉस रांगेत असताना गोळी घालायची नाही. तो रांगेत मेला तर विमान सुटत नाही. उलट तेच विमान खेळाडूवर झेप घेतं आणि निघून जातं.

५. बॉस झेप घेऊन खाली येईल तेव्हा बरोबर त्याच्या खाली राहायचं आणि एकच गोळी सोडायची. पकडलेलं विमान त्याच्या मागे असतं. बॉस वळत असताना घाईने गोळ्या झाडल्या तर एखादी आपल्याच विमानाला लागते आणि ते कायमचं जातं.

सगळ्यात जास्त चुका या शेवटच्या पायरीवर होतात. बॉस अंगावर येताना दिसला की बोट आपोआप बटणावर जोरात चालायला लागतं. पण नेम बसत नसेल तर ती झेप चुकवून पुढच्या झेपेची वाट पाहणं केव्हाही चांगलं.

जोडविमानाची किंमत

दोन विमानं जोडली गेली की रुंदीही दुप्पट होते. पूर्वी ज्या फटीतून विमान निसटायचं, तिथे आता एक पंख अडकतो. त्यामुळे जोडविमान घेऊन बचावाचा खेळ खेळणं महागात पडतं. त्याचा फायदा आक्रमणात आहे. शत्रू आत शिरत असतानाच जितके पाडता येतील तितके पाडायचे, म्हणजे चुकवायला फारसं काही उरत नाही.

तिसरी स्टेज आणि १०,००० गुण

हा सौदा पहिल्या दोन स्टेजमध्येच उरकण्याचं आणखी एक कारण आहे. तिसरी स्टेज आणि त्यानंतरची प्रत्येक चौथी स्टेज, म्हणजे ७, ११ वगैरे, ही 'चॅलेंजिंग स्टेज' असते. तिथे ४० शत्रू ठरलेल्या नक्षीत उडत जातात, पण गोळ्या झाडत नाहीत. चाळीसच्या चाळीस पाडले तर १०,००० गुणांचा खास बोनस मिळतो. ३९ पाडले तर प्रत्येकी १०० प्रमाणे ३,९०० गुणांवर समाधान मानावं लागतं. एका शत्रूचा फरक ६,१०० गुणांचा.

एकट्या विमानाने सगळे ४० पाडता येतात, पण गोळ्यांच्या मर्यादेमुळे ते अवघड जातं. जोडविमानाने तेच काम बरंच सोपं होतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिलं जादा विमान २०,००० गुणांना मिळतं, म्हणजे हा बोनस अर्ध्या विमानाच्या किमतीचा आहे. या स्टेजमधल्या नक्ष्या बदलत नाहीत, त्यामुळे त्या पाठ करता येतात.

चौथ्या स्टेजपासून काय बदलतं?

चौथ्या स्टेजपासून एखाद्या शत्रूचं रूप अचानक बदलतं आणि एकाचे तीन होतात. हे त्रिकूट एकामागोमाग एक खाली येतं. तिघांनाही पाडलं तर वेगळा बोनस मिळतो. शिवाय स्टेज संपत आली की उरलेले मोजके शत्रू रांगेत परतणं सोडून सतत झेपा घेत राहतात. 'आता दोनच उरलेत' म्हणून सैल पडलेला खेळाडू इथे हमखास विमान गमावतो.

शत्रूच्या गोळ्या बंद करणारी युक्ती

मूळ आर्केड मशीनमध्ये एक प्रसिद्ध त्रुटी आहे. पहिल्या स्टेजमध्ये डाव्या कडेच्या दोन मधमाश्या सोडून बाकी सगळे शत्रू पाडायचे आणि मग त्या दोघींना न मारता नुसतं चुकवत राहायचं. साधारण दहा-पंधरा मिनिटांनी त्यांच्या गोळ्या येणं थांबतं. त्यानंतर त्यांना पाडलं, तर पुढच्या स्टेजमध्येही शत्रू गोळ्या झाडत नाहीत.

यामागचं कारण प्रोग्रॅममध्ये आहे. शत्रूच्या गोळ्यांची नोंद ठेवायला मशीनकडे ठरावीकच जागा असतात. विशिष्ट परिस्थितीत काही गोळ्यांची नोंद पुसलीच जात नाही. हळूहळू सगळ्या जागा अशा अडकलेल्या नोंदींनी भरतात आणि नव्या गोळीला जागा उरत नाही. अर्थात, गोळ्या बंद झाल्या तरी झेपा सुरूच राहतात, त्यामुळे टक्कर होऊन विमान जाऊ शकतं. स्पर्धेच्या स्कोअरसाठी ही युक्ती खिलाडूपणाची मानली जात नाही.

शेवटचा हिशेब

गेम संपल्यावर गॅलागा स्कोअरसोबत आणखी तीन गोष्टी दाखवतो: किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या आणि त्यांची टक्केवारी. पुन्हा खेळण्याआधी हा आकडा पाहणं उपयोगाचं ठरतं. टक्केवारी फार खाली असेल तर झेपा चुकवण्याचा सराव नंतर केला तरी चालेल, आधी बटणावरचं बोट आवरायला हवं. ते जमलं, की पुढच्या डावात पहिल्याच स्टेजला बॉसच्या झोताखाली विमान न्यायला हरकत नाही.