प्लेगची लस आणि शरीराची आठवण

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या झाल्या. १० मार्च १८९७ रोजी रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. परंतु त्या दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजात जे काम चालले होते, त्याची आठवण आपण फारशी काढत नाही. आज आम्हांला त्याविषयी बोलावयाचे आहे.

तेथे वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करीत होते. ओडेसा येथे ते मेच्निकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. याच मेच्निकॉव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या पिलाला काटा टोचला, तेव्हा शरीरातील भटक्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. शरीर परक्यावर चालून जाते, हे त्यातून उमगले.

हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, परंतु त्याच्या अंगावरची खूण शाबूत असते. आपल्या रक्तातील ज्या थोड्या पांढऱ्या पेशींना ती खूण जुळते, त्यांची संख्या वाढते, त्या प्रतिद्रव्ये निर्माण करतात आणि त्यांपैकी काही पुढेही टिकून राहतात. खरा शत्रू आला म्हणजे शरीर त्याला लवकर ओळखते. ही आठवण अभेद्य नव्हे. हाफकिन यांच्या लसीने धोका कमी होई, नाहीसा होत नसे.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना दूर करण्यात आले. त्यांच्यावरील ठपका पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की शरीराला शत्रूची ओळख सुईने करून देता येते, पण समाजाचा विश्वास तसा टोचता येत नाही. ज्या सरकारने लोकांच्या घरांत शिपाई घुसवले, तेच सरकार त्यांना दंड पुढे करा म्हणत होते. लोक कचरले, त्यांना अडाणी म्हणून आपण मोकळे होऊ नये. अपमानाचीही आठवण राहते.