आज्ञारेषाधिष्ठित परिचालन प्रणाली : मुंबईतील प्रारंभ

पडद्यावरील चित्रांऐवजी कळफलकावर आज्ञा टंकून संगणकाकडून काम करवून घेण्याची व्यवस्था. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक (१९६०) व सीडीसी ३६०० (१९६४) या संगणकांना काम द्यावयाचे ते छिद्रित फिती वा पत्रे यांच्या द्वारे. आज्ञा देताच उत्तर मिळणे पुढे कालविभाजन पद्धतीमुळे शक्य झाले. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडविलेली युनिक्स ही या प्रकारची सर्वांत प्रभावी प्रणाली होय.

सामान्य नोकरदारापर्यंत ही व्यवस्था पोहोचली ती मात्र कचेऱ्यांतून. रंगराजन समितीच्या अहवालाने (१९८४) बँकांच्या यांत्रिकीकरणास चालना मिळाली. यंत्र आपली नोकरी खाईल, ही कर्मचाऱ्यांची धास्ती निराधार म्हणता येणार नाही. फोर्टमधील कचेऱ्यांत काम करणाऱ्या गिरगावकरांपैकी अनेकांना टंकलेखन येत होते. त्यामुळे बोटे तयार होती, आज्ञांचा अर्थ तेवढा नवा होता. जवळच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजारात पुढे संगणकांचे भागही मिळू लागले.

वैयक्तिक संगणकावरील एमएस-डॉस (१९८१) ही प्रणाली शिकताना सव्वापाच इंची लवचिक तबकडी खाचेत घालून यंत्र सुरू करीत. ३६० किलोबाइट क्षमतेच्या अशा तबकडीवरच प्रणाली असे. यंत्र प्रथम दिनांक व वेळ विचारी. नंतर ‘ए’ हे अक्षर, त्यापुढे बाणाची खूण आणि लुकलुकणारी रेघ एवढेच दिसे. पुढे काय करावे, हे पडदा सांगत नसे. ‘डिर’ने धारिकांची यादी, ‘कॉपी’ने प्रत, ‘फॉरमॅट’ने कोरी तबकडी वापरण्याजोगी होई. टंकलेखनयंत्रावरील चूक कागदावर दिसे व खोडताही येई. येथे ‘डेल’ आज्ञेने एखादी धारिका पुसताना यंत्र खात्री करून घेत नसे, आणि ‘कॉपी’ करताना त्याच नावाची जुनी धारिका मुकाट्याने नाहीशी होई. पुसलेले परत आणण्याची सोय पाचव्या आवृत्तीत (१९९१), तर ‘कॉपी’पूर्वी विचारण्याची ६·२ मध्ये (१९९३) आली. तोवर दुसऱ्या तबकडीवर प्रत ठेवणे हा साधा उपाय होता.

मराठी माध्यमातून आलेल्यांपुढे आणखी एक अडचण होती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेल्या व पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) प्रसृत केलेल्या जिस्ट तंत्राने डॉसवर देवनागरी मजकूर लिहिता येऊ लागला; आज्ञा मात्र रोमन लिपीत आणि इंग्रजीतच राहिल्या.