न्यायाधीश गांवीं येतात

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घराघरांत रुजली आहे. ती कां रुजली, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों.

मराठेशाहींत न्याय बहुधा गांवांतच होई. गोतसभा भरे, वादी-प्रतिवादी समोरासमोर बोलत, आणि महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. बलुतेदारही आपापल्या हत्यारांचीं चिन्हें काढीत. निवाडा कसा झाला हें गांवाला ठाऊक असे. ती व्यवस्था निर्दोष होती असें मी म्हणत नाहीं. जातीची उतरंड तींत जशीच्या तशी होती, आणि कढत तेलांतून रवा काढण्याचें दिव्यही तींतलेंच. पुढें १८२७ चे एल्फिन्स्टनचे कायदे आले. कागद, मुदत आणि वकील आले. संस्थानांनींही हळूहळू तोच कित्ता गिरविला, आणि न्याय कसा होतो हें सामान्य माणसाला कळेनासें झालें.

शाहू छत्रपतींनीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्या याच करवीर राज्यांत. आजच्या हातकणंगले तालुक्यांतील माणगांवीं १९२० च्या मार्चांत जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, ते तेव्हां बॅरिस्टर व्हावयाचे होते!

१९७६ च्या घटनादुरुस्तीनें मोफत कायदेसाहाय्याचें तत्त्व घटनेंत आलें. त्यासाठींचा कायदा १९८७ चा. अंमल मात्र ९ नोव्हेंबर १९९५ पासून. तालुका समितीचा अध्यक्ष तालुक्यांतील वरिष्ठ न्यायाधीशच असतो. म्हणून शाळेच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतींत शिबिर भरतें, तेव्हां बोलावयास न्यायाधीश स्वतः येतात. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलें तरी सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. इचलकरंजीच्या मागावरील कामगारालाही औद्योगिक कामगार म्हणून तो मागतां येतो. लोकअदालतींत तडजोड झाली तर भरलेलें कोर्ट-शुल्क परत मिळतें, परंतु त्या निवाड्यावर अपील नाहीं. ही गोष्ट सही करण्यापूर्वीं कळली पाहिजे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांत बसूं लागलें व सहा जिल्ह्यांची मुंबईची वाट वांचली. त्याचें कौतुक झालें तें योग्यच. पण उसाच्या या मुलखांत अनेक बहिणी साडीचोळीवर हक्कसोडपत्र लिहून देतात, आणि त्यांचा वाद कोर्टापर्यंत पोंचतच नाहीं. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाइतकाच वांटा दिला आहे. ओसरीवर मागें बसलेल्या बाईला हें भावाच्या तोंडून ऐकावयास मिळणें कठीण. तें तिला न्यायाधीशांकडून ऐकावयास मिळतें, तेंही भाऊ शेजारीं बसलेला असतांना.